नऊ घरांचा मोंतारेल

मोंतारेल, कांताल जिल्हा, फ्रान्स
६ मार्च १९७२

श्री. फिलिबेर मोंतारेल यांस,

आपली ओळख नाही. आपलं आडनाव मात्र मी गेली एकवीस वर्षं रोज पंधरा-वीस वेळा लिहिते, कारण ते आमच्या गावाचं नाव आहे. मी इथल्या कचेरीत चिटणीस. कचेरीत मी, एक लोखंडी शेगडी आणि आमचे मेयर श्री. कुदेर. मेयर फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, गाईंच्या धारा काढून झाल्यावर.

गावात माणसं त्र्याऐंशी. आता सरकारचं असं चाललं आहे, की लहान गावं शेजारच्या मोठ्या गावात मिळवून टाकायची. आमचा शेजारी सें-तिबो, खाली दरीत. तिथे औषधाचं दुकान आहे, शाळा आहे आणि श्री. देलपेश नावाचे मेयर आहेत. गावं एक झाली की नाव एकच, सें-तिबो, असा त्यांचा हेका. भर बैठकीत त्यांनी विचारलं, "मोंतारेल म्हणजे काय हो? त्या आडनावाचा एक माणूस तरी आहे का तुमच्याकडे?" नाहीये, आणि तेच आम्हाला झोंबलं.

सप्टेंबरात उपजिल्हाधिकारी येऊन दोन्ही बाजू ऐकणार आहेत. कुदेर मला म्हणाले, "ओदिल, जगात मोंतारेल नावाची जितकी नामवंत माणसं आणि ठिकाणं असतील तितकी शोध. यादी केवढी लांब होते ते दाखवू त्याला." यादीत आतापर्यंत इतकंच जमलं आहे: बेल्जियममध्ये एक बोळ, एका शर्यतीत शेवटून दुसरा आलेला सायकलस्वार, आणि खडकावर वाढणाऱ्या एका पिवळट शेवाळाला नाव देऊन गेलेले एक वनस्पतितज्ज्ञ.

सेंट लॉरेन्स नदीच्या नकाशावर, आपल्या बेटाच्या उत्तरेला, "मोंतारेलची खाडी" असं छापलेलं दिसतं. आणि बेटाच्या टेलिफोन पुस्तकात मोंतारेल आपण एकटेच. ती खाडी कुणाच्या नावाची, एवढं कळवलंत तर उपकार होतील.

आपली,
ओदिल रुव्हेरोल

*

इल-ओ-रेनार, क्यूबेक
२९ मार्च १९७२

ओदिलबाई,

पत्र पोचलं. टपालवाल्याने पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी "मोंतारेल" वाचलं आणि मला म्हणाला, "फिलिबेर, तू स्वतःलाच पत्रं लिहायला लागलास का?" इथे हिवाळा लांबला की माणसं असलं काहीबाही करतात, त्यामुळे त्याला ते खरंच वाटलं होतं.

खाडी माझ्या आजोबांच्या नावाची, कप्तान तेओफिल मोंतारेल. १८९१ च्या शरदात एक इंग्रज जहाज त्या खडकांवर फुटलं. लाटा घरांएवढ्या. आजोबा आपलं गलबत घेऊन एकटे गेले आणि एकोणीस माणसं बाहेर काढली. नंतर सरकारी मोजणीदार आले, त्यांनी खाडीला आजोबांचं नाव दिलं. हे यादीत घाला. शेवाळाच्या वर घाला.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चाळीस वर्षं बेटाची फेरीबोट चालवली, आता थोरल्या बहिणीबरोबर राहतो. रोज-आल्मा तिचं नाव. ती विधवा, मी विधुर. मूलबाळ नाही. तिचं आडनाव लग्नात गेलं, म्हणजे या नदीवर मोंतारेल म्हणून मी शेवटचा.

एक काम तुम्हीही करा. आमचा मूळ पुरुष जाँ मोंतारेल, सैनिक म्हणून १७५५ मध्ये इकडे आला. त्याच्या लग्नाच्या नोंदीत गाव लिहिलं आहे, मोंतारेल, पण आई-बापाच्या नावांची जागा कोरी. पाद्री विसरला असणार. ती दोन नावं मला शोधून द्या. मरायच्या आत कळलं म्हणजे झालं.

फिलिबेर मोंतारेल

*

मोंतारेल
१७ एप्रिल १९७२

श्री. फिलिबेर यांस,

तुमचं पत्र कुदेरांनी खाणावळीत उभं राहून वाचून दाखवलं. "एकोणीस माणसं" या शब्दांवर ते थांबले आणि सगळ्यांकडे बघितलं. म्हातारी पेलाजी, जिला ऐकू येत नाही, तिनेही टाळ्या वाजवल्या. कप्तान आता यादीत पहिल्या क्रमांकावर आहेत आणि यादी परवाच उपजिल्हाधिकाऱ्यांकडे रवाना झाली.

तुमच्या मूळ पुरुषाच्या काळची जुनी दफ्तरं जिल्ह्याच्या गावी आहेत. पुढच्या गुरुवारी बस आहे, त्या बसने जाते. आई-बाप सापडतीलच. कुदेरांना तर खात्रीच आहे की तुम्ही इथल्या जुन्या जमीनदाराच्या रक्ताचे. त्यांनी गढीच्या पडक्या भिंतीवरची वेल काढायला माणूसही लावला.

ओदिल रुव्हेरोल

*

इल-ओ-रेनार
८ मे १९७२

ओदिलबाई,

मी रोज-आल्मा सिमार, फिलिबेरची थोरली बहीण. हे पत्र मी त्याच्या नकळत लिहिते आहे. तो मासेमारीच्या जाळ्यांचे खांब ठोकायला गेला आहे.

टाळ्यांबद्दलचं तुमचं पत्र त्याने मला तीनदा ऐकवलं. तिसऱ्या वेळी त्याचे कान लाल झाले होते, तेव्हा म्हटलं, आता कळवलेलंच बरं. इंग्रज जहाज नव्हतं. एकोणीस माणसंही नव्हती. आजोबा डुकरं घेऊन शहराकडे निघाले होते. लख्ख ऊन, वारा नाही. ते आजीशी भांडत होते आणि भांडता भांडता गलबत वाळूवर चढवलं. डुकरं पोहून किनाऱ्याला लागली. बेटावर त्या शरदात सगळ्यांनी पोटभर खाल्लं. महिन्याच्या आत पुन्हा तिथेच, पुन्हा तसंच. मग लोक विचारायचे, "तेओफिल कुठाय?" आणि उत्तर यायचं, "त्याच्या खाडीत." मोजणीदाराने कोळ्याला नाव विचारलं, कोळ्याने तेच सांगितलं, त्याने लिहून घेतलं.

फिलिबेर खोटारडा नाही. चाळीस वर्षं बोटीवर प्रवाशांना ही गोष्ट सांगताना तिच्यात दर दोन वर्षांनी एकेक माणूस वाढत गेला. त्याला रागावू नका. पण कागदावर घालू नका.

रोज-आल्मा

*

मोंतारेल
१२ जून १९७२

श्री. फिलिबेर यांस,

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. इथे मे महिन्यात विचित्र थंडी पडली. चौदा तारखेला पांढरं धुकं आलं ते चार दिवस हललं नाही. मग पाऊस, मग एकदम ऊन, त्यामुळे गवत वाढलं पण ओलं राहिलं, कापावं की थांबावं यावर अख्खं गाव भांडलं. कुदेरांनी कापलं, ते कुजलं. सफरचंदांचा मोहोरही यंदा कमीच.

दफ्तरखान्यात गेले होते. अठराव्या शतकातली अक्षरं लावायला वेळ लागतो. अजून बघते आहे.

एक विचारायचं होतं. कप्तान स्वतः ती गोष्ट कशी सांगत असत? म्हणजे त्यांच्या तोंडची.

ओदिल रुव्हेरोल

*

इल-ओ-रेनार
३ जुलै १९७२

ओदिलबाई,

तुम्ही मला पानभर हवामान लिहिलंत. मी चाळीस वर्षं माणसं नदीपार नेली. जो प्रवासी आपणहून हवामानावर बोलायला लागे त्याने तिकीट काढलेलं नसे. तुम्हाला दफ्तरात काहीतरी सापडलं आहे आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवता आहात.

पण तुम्हाला विचारायला माझं तोंड स्वच्छ हवं, म्हणून आधी माझं सांगतो. आजोबांनी कुणालाही वाचवलं नाही. डुकरं होती, आणि तीही आपली आपण वाचली. आजोबा स्वतः ती गोष्ट कधीच सांगत नसत. कुणी काढली की उठून बाहेर जात. मी सात वर्षांचा असताना शाळेत पोरं मला "खाडी" म्हणत. त्या वर्षी मी पहिल्यांदा इंग्रज जहाज बुडवलं. पुढे मोठा झालो, पण जहाज काही परत वर काढता आलं नाही. तुमच्या पत्रातल्या टाळ्या मला जिव्हारी लागल्या. खाणावळीतल्या सगळ्यांची माफी मागतो, ऐकू न येणाऱ्या बाईंचीसुद्धा.

हे ताईला सांगू नका. तिला वाटतं की मी अजून ते खरं मानतो.

आता तुमचं सांगा. झेलिया, माझी बायको, जाऊन चार वर्षं झाली. त्या दिवसापासून जेवताना समोरच्या भिंतीकडे बघत मी हाच विचार करतो, की कुठेतरी माझं कुणी असेल. तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं, आहे. जे असेल ते लिहा.

फिलिबेर

*

मोंतारेल
१९ जुलै १९७२

प्रिय फिलिबेर,

लिहिते.

नोंद मला एप्रिलमध्येच मिळाली. कुदेर म्हणाले, "ओदिल, सप्टेंबरपर्यंत कपाटात ठेव. कप्तानानंतर हे कोण ऐकणार?" मी ऐकलं त्यांचं. ते एक कारण. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे: कचेरी बंद झाली तर माझं काम जातं आणि कचेरीच्या वरचं राहतं घरही जातं. मी भित्री झाले. त्यांच्यापेक्षा माझा दोष जास्त.

पाद्र्याचे शब्द असे आहेत: "आज १४ नोव्हेंबर १७३६. धुण्याच्या कुंडापाशी अंदाजे तीन दिवसांचा मुलगा सापडला. आई-बाप अज्ञात. शहरातल्या अनाथालयात पाठवावा असं मी सुचवलं. बायकांनी नकार दिला. कुणाचा म्हणून लिहू, असं विचारलं. म्हणाल्या, मोंतारेलचा लिहा."

तोच जाँ. म्हणजे तुमच्या नोंदीतली कोरी जागा पाद्री विसरला म्हणून नाही. तिथे लिहायला काही नव्हतंच. मोंतारेल आडनावाचं घर या गावात कधीच नव्हतं. जमीनदाराशी संबंध नाही. यादीतला सायकलस्वार, शेवाळवाले सद्गृहस्थ, बेल्जियममधला बोळ, यांच्यापैकी कुणाशीही तुमचं रक्ताचं नातं निघत नाही. मला इथे तुमचा एकही नातेवाईक सापडला नाही, फिलिबेर. हे लिहिताना मी दोनदा उठून शेगडीत लाकूड घातलं, जुलैमध्ये.

नोंदीखाली त्याच पाद्र्याच्या हातची आणखी नऊ नावं आहेत. ज्या बायकांना त्या वर्षी अंगावर दूध होतं त्यांची. कुणी तीन आठवडे पाजलं, कुणी सहा, कुणी दहा. मग पुढच्या घरी. एका घरापुढे लिहिलं आहे, "दूध आटलं, तरी मूल परत द्यायला तयार नाही, समजूत घातली." तो अठरा वर्षांचा होऊन पलटणीत गेला तोपर्यंत त्या नऊ घरांत आळीपाळीने वाढला. नऊपैकी सात घरं आजही गावात आहेत. पेलाजीचं एक, कुदेरांचं एक.

मी उपजिल्हाधिकाऱ्यांना कळवते की कप्तानांची नोंद चुकीची होती. तुम्ही रागावला असाल तर बरोबरच आहे.

ओदिल

*

इल-ओ-रेनार
२१ ऑगस्ट १९७२

ओदिलबाई,

तुम्ही महिनाभर वाट बघत असाल, म्हणून मीच लिहिते. तुमचं पत्र त्याने ओट्यावर बसून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि होडीच्या शेडमध्ये गेला. चार दिवस तिथेच. होडी मे महिन्यात रंगवलेली होती, त्याने ती पुन्हा रंगवली. मी जेवण नेऊन ठेवायची. पाचव्या दिवशी जेवण घेऊन गेले तर म्हणाला, "ताई, मला टाकलेलं होतं." मी म्हटलं, "तुला नाही, जाँला. आणि तुला मीच वाढवलं आहे, माझ्यासमोर असलं बोलू नकोस." मग म्हणाला, "दूध आटलं तरी परत देईना ती. कोण असेल गं ती?" आणि डोळे पुसले. रंगाच्या हातांनीच पुसले, त्यामुळे अर्धा दिवस चेहरा हिरवा.

डुकरांचं मला सगळं माहीत आहे हे त्याला सांगितलं. त्याने मला सांगितलं की त्यालाही माहीत आहे. साठ वर्षं आम्ही एकमेकांना जपत होतो.

काल त्याने माळ्यावरून सुटकेस काढली. मी काही विचारलं नाही. त्याने कधीही बेटापासून दोनशे मैलांपलीकडे पाऊल टाकलेलं नाही. तुम्हाला कळवू नकोस म्हणाला, म्हणून कळवते आहे. त्याला कडक कॉफी चालत नाही आणि लोकरीचे मोजे तो मुद्दाम विसरेल.

रोज-आल्मा

*

मोंतारेल
२४ सप्टेंबर १९७२

ताई,

पोचलो. मोजे मिळाले, तू सुटकेसच्या अस्तरात शिवून ठेवले होतेस ते. बसमधून उतरलो तर ओदिलबाई थांब्यावर उभ्याच. मला वाटलं होतं मी गुपचूप येतोय. त्यांच्या हातात थर्मासमध्ये पातळ कॉफी होती, तेव्हाच तुझा हात ओळखला.

बैठक आठ तारखेला, शुक्रवारी झाली, लग्नाच्या हॉलमध्ये. उपजिल्हाधिकारी तरणा माणूस आहे, चष्मा सारखा पुसतो. देलपेश पुढे बसले होते, जाडजूड, मांडीवर टोपी. ते उठले आणि म्हणाले, "यादी तपासली. सायकलस्वाराच्या आडनावात एक अक्षर जास्त आहे. कप्तानाची गोष्ट ह्यांनी स्वतःच मागे घेतली. राहिलं काय? एक बोळ आणि शेवाळ."

लोक हसले. आपलेच लोक हसले. कुदेर मान खाली घालून बसले. मग मी उठलो.

पहिली दोन मिनिटं माझ्या बेटावरच्या फ्रेंचमधलं कुणाला एक अक्षर कळलं नाही. शेवटी उपजिल्हाधिकारी म्हणाले, "काका, जरा सावकाश, आम्ही फ्रान्सचे." मग सावकाश सांगितलं. डुकरं सांगितली, दोन्ही वेळची. हॉल असा हसला की पेलाजीबाईंनी शेजारच्याला विचारलं काय झालं, आणि त्याने ओरडून सांगितल्यावर त्या एकट्याच पुन्हा हसल्या. मग मी म्हटलं, "आता दुसरं. माझं इथे रक्ताचं कुणी नाही. सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या कुंडापाशी कुणीतरी एक पोर ठेवून गेलं. पाद्र्याने विचारलं कुणाचं, तर बायकांनी गावाचं नाव सांगितलं. त्या नावावर त्याने सैन्यात सही केली, लग्न केलं, आणि ते नाव आमच्या नदीवर अजून चालू आहे. देलपेशसाहेबांनी विचारलं होतं की मोंतारेल आडनावाचा एक तरी माणूस आहे का. आहे, आलोय. हे नाव मला माझ्या बापाकडून मिळालं, पण पहिल्यांदा दिलं ते या गावाने. गावाचं नाव पुसलं तर मी कुणाचा, हे सांगायला मला जगात जागा उरणार नाही."

इतकंच बोललो. फेरीबोट हाकणं सोपं.

मग ओदिलबाई नोंद घेऊन उठल्या. त्यांनी नऊ नावं वाचली. पहिलं वाचलं, मागच्या बाकावर एक शेतकरी उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं उभं राहायला. दुसऱ्याला बेकरीवाली. असं करत सात घरं उभी राहिली, कुदेर धरून. आठवं घर १९१४ च्या लढाईत संपलं, त्याच्यासाठी पेलाजीबाईंनी हात वर केला. माझं कशाला लिहू काय झालं. तू असतीस तर तूही रुमाल काढला असतास.

नववं नाव वाचण्याआधी ओदिलबाई थोड्या थांबल्या. "मार्ग्रीत देलपेश. गिरणीवरची. अकरा आठवडे. दूध आटलं, तरी मूल परत द्यायला तयार नाही."

कुणी हललं नाही. देलपेश टोपी फिरवत होते, फिरवत होते. उपजिल्हाधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे मेयरसाहेब, सगळ्यात जास्त दूध तुमच्याच घरचं." देलपेश म्हणाले, "आमची गिरणी वरच होती पूर्वी. खाली आमचे पणजोबा आले." मग खोकले. मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण नाव फार लांब होईल." तेव्हा सगळ्यांना कळलं की काम झालं.

सें-तिबो-मोंतारेल. कुदेर दोन दिवस रुसले होते, त्यांना मोंतारेल आधी हवं होतं. कचेरी आठवड्यातून दोन दिवस उघडी राहणार. ओदिलबाईंचा पगार अर्धा होईल, पण वरचं घर राहिलं. बाकी दिवस त्या खालच्या कचेरीत बसतील. देलपेशांनीच सांगितलं, "तुमच्यासारखी जुनी अक्षरं वाचणारी आमच्याकडे कुणी नाही. आमच्या पणजोबांनी गिरणी का विकली ते शोधा." काय निघेल म्हणून त्या आताच धास्तावल्या आहेत.

आता अडचण ऐक. मी पुढच्या आठवड्यात निघणार होतो. पण इथे ठरलं की मी त्या घरांत आळीपाळीने जेवायचं. सोमवारी कुदेर, मंगळवारी बेकरीवाली, आणि असंच पुढे. बुधवारी पेलाजीबाई, त्या बटाटे आणि ताजं चीज एकत्र घोटतात, पळी उभी राहते त्यात. रविवारी रात्री खाली सें-तिबोला देलपेशांकडे. त्यांनी स्वतः गाडी पाठवली. त्यांची बायको म्हणाली, "अकरा आठवडे आमचे आहेत, बाकीच्यांनी घाई करू नये." नकार द्यायला जागा नाही. पट्ट्याला नवीन भोक पाडलं.

मी नाताळपर्यंत राहू का? तू एकटी कशी राहशील हाच विचार डोक्यात येतो.

फिलिबेर

*

इल-ओ-रेनार
९ ऑक्टोबर १९७२

फिलिबेर,

मी एकटी उत्तम राहते. कुणी चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात येत नाही. तुझं पत्र मी पाद्रीबाबांना वाचून दाखवलं, मग दुकानात, मग फेरीबोटीवर. बोटीवर वाचताना देलपेशांच्या जागेपर्यंत पोचले आणि कप्तान, तुझ्या जागी आलेला तो नवा, ऐकता ऐकता धक्क्याला जोरात आदळला. कुणाला लागलं नाही. मी त्याला म्हटलं, सांभाळ, नाहीतर नकाशात जाशील.

पाद्रीबाबांनी जुनं रजिस्टर काढलं. कोऱ्या जागेत काही लिहिता येत नाही म्हणाले, नियम आहे. पण समासात लिहिता येतं. नऊ नावं पाठव, नीट अक्षरात, ओदिलबाईंच्या हातची. तुझं अक्षर कोंबडीच्या पायाचं. मार्ग्रीतचं नाव आधी येऊ दे. ती भांडली होती.

नाताळपर्यंत राहा. मला विचारू नकोस, राहा. मात्र तू लिहिलेलं एक वाक्य मी चारदा वाचलं. "माझं इथे रक्ताचं कुणी नाही", असं सगळ्यांपुढे सांगितलंस. बरोबर सांगितलंस. पण मीही त्याच जाँची, आणि माझं आडनाव लग्नात गेलं म्हणून काही माझ्या वाटचं दूध कमी झालं नाही. तेव्हा सतरा नोव्हेंबरला मी येते आहे. तिकीट काढलं. कोंबड्या शेजारी बघतील. बेकरीवालीला सांग, मंगळवारी दोन पानं मांड. पेलाजीबाईंना सांग की मी मोठ्याने बोलते.

विमानाची मला भीती वाटत नाही. सात तास शेजारी जो कोणी बसेल त्याला मी आधी आडनाव विचारणार आहे, मग गाव, आणि नंतर अगदी खोदून खोदून विचारणार आहे की त्याला लहानपणी कुणी कुणी सांभाळलं.

रोज-आल्मा